मुंबई ते लंडन : आकाशमार्गाचा इतिहास

शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई आणि लंडन ही दोन शहरे जोडली, तर रेघ अरबी समुद्र ओलांडून इराणच्या आखाताच्या टोकाशी बसऱ्याजवळ पोहोचते आणि तेथून सिरिया, तुर्कस्तान व बाल्कन देश कापीत युरोपात शिरते. तीच दोन शहरे पृथ्वीच्या गोलावर दोऱ्याने जोडून दोरा ताणून धरला, की वाट निराळीच निघते. दोरा मुंबईहून वायव्येस निघतो तो थेट कराचीवरून जातो. बलुचिस्तान ओलांडून झाहिदानच्या आसपास तो इराणात उतरतो, कास्पियन समुद्राचा नैर्ऋत्य कोपरा व कॉकेशसचे पहाड मागे टाकून काळ्या समुद्रावर येतो आणि क्रिमिया, युक्रेन, क्राको व प्राग यांच्या आसपासचा प्रदेश असे करीत लंडनला टेकतो. पट्टीची रेघ डोळ्यांना सरळ दिसते खरी. पण दोऱ्याची वाट तिच्याहून सुमारे दोनशे किलोमीटरांनी जवळची आहे. सपाट कागदावर गोल पृथ्वी पसरली, म्हणजे असे व्हावयाचेच.

दोऱ्याच्या वाटेने मुंबई व लंडन येथील विमानतळांमधील अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. तासाला नऊशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला हे अंतर तोडण्यास आठ तास पुरावेत. चौथीच्या वर्गातील मुलगाही हा भागाकार बिनचूक करील. परंतु गेल्या सुमारे शंभर वर्षांत ह्या दोन शहरांमधील आकाशातील प्रवास कधी आठवडाभराचा, कधी तीन दिवसांचा, कधी दीड-दोन दिवसांचा, तर कधी नऊ-दहा तासांचा झाला; आणि त्याचे कारण केवळ यंत्राचा वेग हे नव्हे. खाली कोणाची जमीन आहे आणि तो मालक वरून जाऊ देतो की नाही, ह्या प्रश्नाने ह्या मार्गाचा वेळ जितका ठरविला, तितका कदाचित इंजिनानेही ठरविला नसेल.

विमानापूर्वीचा हिशेब एका उदाहरणाने पुरे होईल. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी महात्मा गांधी २९ ऑगस्ट १९३१ रोजी 'राजपुताना' ह्या आगबोटीने मुंबईहून निघाले, ११ सप्टेंबरला मार्सेल्सला उतरले आणि आगगाडीने फ्रान्स ओलांडून १२ सप्टेंबरला लंडनला पोहोचले. सुएझचा कालवा, वाफेचे जहाज आणि आगगाडी ह्या तिन्हींची सोय असता पंधरवडा लागला. त्या काळी ह्याला कोणी उशीर म्हणत नसे.

त्यापूर्वी अडीच वर्षे, म्हणजे ३० मार्च १९२९ रोजी, इम्पीरियल एअरवेज ह्या ब्रिटिश कंपनीने लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून कराचीपर्यंत टपाल व उतारू नेण्यास आरंभ केला होता. ह्या प्रवासाला विमानप्रवास म्हणावे की नाही, अशी शंका त्याचे वेळापत्रक पाहून येते. उतारू क्रॉयडनहून विमानाने पॅरिसमार्गे स्वित्झर्लंडमधील बाझलला जात. तेथे विमान सोडून आगगाडीत बसावयाचे आणि आल्प्सच्या बोगद्यांतून इटलीच्या जिनोआ बंदरात उतरावयाचे. कारण त्या बाजूने ब्रिटिश विमानाने इटलीच्या हद्दीत शिरण्यास परवानगी नव्हती. जिनोआला पाण्यावरून उडणारे जलविमान तयार असे. ते रोम, नेपल्स, कॉर्फू, अथेन्स, क्रीट बेटावरील सूदा उपसागर व टोब्रुक असे मुक्काम घेत अलेक्झांड्रियाला पोहोचे. अलेक्झांड्रिया ते कैरो पुन्हा आगगाडी. कैरोहून तीन इंजिनांचे 'हर्क्युलीझ' जातीचे विमान गाझा, रुतबा, बगदाद, बसरा, बुशायर, लिंगा, जास्क व ग्वादर ह्या टप्प्यांनी कराचीला आणी. एकूण दिवस सात, भाडे १३० पौंड. तेव्हाच्या हुंडणावळीच्या दराने हे सतराशेहून अधिक रुपये झाले. गावच्या प्राथमिक शिक्षकाला तेवढी रक्कम मिळविण्यास काही वर्षे लागत.

सात दिवस लागण्याचे पहिले कारण असे, की रात्री उडावयाचे नाही. सूर्य मावळला, की विमान उतरावयाचे आणि उतारूंनी विश्रामगृहात निजावयाचे. दुसरे कारण, विमानाच्या टाकीत मावणारे इंधन काही तासांपुरतेच असे. म्हणून दर काही शे किलोमीटरांवर पेट्रोल साठवून ठेवावे लागे. जेथे गाव आहे तेथे हे सोपे होते. कैरो ते बगदाद ह्या वाटेवर मात्र सिरियाचे वाळवंट पसरले आहे. तेथे १९२१ साली ब्रिटिश लष्करी वैमानिकांनी टपालाची वाट आखली ती शब्दशः जमिनीवर आखली. मोटारींच्या चाकोऱ्या वरून दिसाव्यात अशी योजना होती आणि जेथे खडकाळ भूमीवर चाकोरी उमटत नसे, तेथे नांगराने तास काढून ठेवला होता. विमान-चालक त्या तासावर नजर ठेवून उडे, जसा गाडीवान रात्री चाकोरीवर नजर ठेवतो. वाटेत उतरण्याच्या जागा अक्षरांनी व आकड्यांनी खुणावल्या होत्या आणि काही ठिकाणी इंधनाच्या टाक्या जमिनीत पुरून त्यांना कुलपे लावलेली होती. वाळवंटाच्या मध्यावर रुतबा येथे विहिरींच्या आश्रयाने एक गढी बांधली होती. तेथे उतारूंना जेवण मिळे आणि निजण्यास खाट मिळे. आकाशातील प्रवासाला विहिरीचे पाणी आणि नांगराचा तास यांचा आधार घ्यावा लागला, ही गोष्ट विमानविद्येच्या पुस्तकांत एका ओळीत उरकली जाते. वस्तुतः ती अधिक सविस्तर सांगण्याजोगी आहे.

तिसरे कारण सर्वांत चिवट होते. कैरोहून बसऱ्यापर्यंतची सेवा जानेवारी १९२७ मध्येच चालू झाली होती. तेथून कराचीला जावयाचे तर इराणचा किनारा धरणे सोयीचे. परंतु इराणच्या सरकारने संमती दिली नाही. दोन वर्षे विमाने बसऱ्याला थांबून राहिली. पुढे परवानगी मिळाली ती मुदतीची होती. १९३२ साली ती संपली. किनाऱ्याऐवजी देशाच्या आतून जा, असे इराणचे म्हणणे होते. आतून म्हणजे उंच पहाडांवरून. त्या काळच्या विमानांना ते झेपणारे नव्हते. इंग्रजांच्या लिखाणांत इराणच्या ह्या वागण्याला आडमुठेपणा म्हटलेले आढळते. पण ज्या राष्ट्राच्या किनाऱ्यावर दुसऱ्याची आरमारे व तारखाती पिढ्यानुपिढ्या ठाण मांडून बसली होती, त्याने निदान आकाशाचा दरवाजा आपल्या हातात ठेवू म्हटले, तर त्यात नवल ते काय?

इराणचा किनारा बंद झाल्यावर वाट आखाताच्या दुसऱ्या तीरावर गेली. कुवेत, बहारीन आणि शारजा हे नवे मुक्काम ठरले. शारजाच्या शेखांशी १९३२ साली करार झाला, विमाने उतरण्यासाठी जागा मिळाली आणि उतारूंच्या मुक्कामासाठी जाड भिंतींची एक गढी उभी राहिली. भाडे व रखवालदारांचा पगार रुपयांत दिला जाई. कारण आखातातील बाजारांत तेव्हा हिंदुस्थानचाच रुपया चालत असे. ५ ऑक्टोबर १९३२ रोजी तेथे पहिले विमान उतरले. ह्या मार्गावर आता चार इंजिनांची, दुहेरी पंखांची 'हॅनिबल' जातीची अवाढव्य विमाने आली होती. आत बैठक आगगाडीच्या पहिल्या वर्गासारखी आणि वेग तासाला सुमारे १६० किलोमीटर, म्हणजे समोरून जोराचा वारा आला, की खालची मोटार पुढे निघून जावयाची.

ह्या वाटेने बळीही घेतले. २६ ऑक्टोबर १९२९ रोजी 'सिटी ऑफ रोम' हे जलविमान इटलीच्या स्पेझिया बंदराजवळ वादळात समुद्रावर उतरले आणि बुडाले. आतील सातही जण गेले. पुढे इटलीशी बिनसल्यामुळे मार्गच बाल्कन देशांकडून वळवावा लागला. १ मार्च १९४० रोजी खुद्द 'हॅनिबल' विमान बलुचिस्तानातील जिवानीहून शारजाकडे जात असता ओमानच्या आखातावर नाहीसे झाले. आत आठ जण होते. त्यांत मद्रास इलाख्याचे माजी मंत्री सर ए. टी. पन्नीरसेल्वम् होते. भारतमंत्र्यांचे सल्लागार म्हणून ते लंडनला निघाले होते. विमानाचे अवशेष कधीच हाती लागले नाहीत.

ह्या सर्व हकिगतीत मुंबईचे नाव आले नाही, हे लक्षात आले असेल. समुद्रमार्गाने येणाऱ्यास हिंदुस्थानचा दरवाजा मुंबई. पण आकाशमार्गाने येणाऱ्यास तो कराची झाला. गोलावरील दोरा कराचीवरूनच जातो आणि आखाताच्या किनाऱ्याने येणाऱ्या विमानालाही पहिले मोठे शहर तेच लागते. ब्रिटिश सरकारने 'आर १०१' हे प्रचंड हवाई जहाज हिंदुस्थानच्या प्रवासासाठी बांधले, तेव्हा त्याच्यासाठी छप्पर उभारले तेही कराचीलाच. ते जहाज ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ कोसळून जळाले, ४८ माणसे मेली आणि कराचीचे छप्पर पाहुण्यावाचून तसेच उभे राहिले. मुंबईला लंडनचे टपाल कराचीहून आगगाडीने यावयाचे. विमानाने वाचविलेला वेळ मग गाडीच्या डब्यात खर्ची पडे.

ही तूट भरून काढण्याचे काम १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सुरू झाले. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या द्रीघ रोड विमानतळावरून टपालाची पिशवी घेतली आणि एक इंजिनाचे छोटे 'पस मॉथ' विमान एकट्याने चालवीत, अहमदाबादेस इंधन घेऊन, दुपारी जुहूला उतरविले. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून विमानापाशी आणले गेले. जुहूहून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. जुहूचे मैदान म्हणजे समुद्रालगतची खाजण. पावसाळ्यात तेथे विमान काय, बैलही रुतावयाचा. म्हणून पावसाळ्याचे महिने ही सेवा पुण्यास येरवड्याच्या मैदानावर हलवीत. लंडनचे पत्र मुंबईकराला लवकर मिळावे ह्यासाठी ते आधी पुण्याला उतरावे, ही त्या दिवसांतील रीत होती.

१९३७-३८ च्या सुमारास मोठी जलविमाने आली आणि साउदॅम्प्टन ते कराची हा प्रवास सुमारे तीन दिवसांवर आला. कराचीहून ती राजसमंद व ग्वाल्हेरच्या तलावांवर उतरत कलकत्त्याकडे जात. मुंबई पुन्हा बाजूलाच राहिली. त्यानंतर युद्ध आले आणि वेळापत्रके कपाटात गेली.

युद्ध संपण्यापूर्वीच, ७ डिसेंबर १९४४ रोजी, शिकागो येथे राष्ट्रांनी एका करारावर सह्या केल्या. त्याचे पहिलेच कलम असे, की प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण व अनन्य सत्ता आहे. इराणने १९२७ साली जे बजावले होते, तेच आता जगाने मान्य केले असे म्हणण्यास हरकत नाही. त्याचबरोबर युद्धाने विमानाचे स्वरूप पालटले होते. बिनतारी संदेश, रात्रीचे उड्डाण, दाब राखलेली खोली आणि हजारो किलोमीटर पुरणारे इंधन ह्यांमुळे नांगराच्या तासाची गरज उरली नाही.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे चार इंजिनांचे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनीव्हा असे दोनच मुक्काम करून १० जूनला लंडनला उतरले. युरोपशी जोडणारी ही पहिली भारतीय विमानसेवा. उतारू ३५ होते आणि त्यांत स्वतः जे. आर. डी. होते. सोळा वर्षांपूर्वी कराचीहून टपालाची पिशवी आणणारा माणूस आता कराचीला वगळून लंडनला चालला होता. मधल्या काळात कराची परक्या देशाची राजधानी झाली होती. फाळणीने जमिनीवर काय केले ते सर्वविदित आहे. तिने आकाशातील दोराही तोडला, ह्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

जिनीव्हाचा मुक्काम सोयीचा असला, तरी निर्धोक नव्हता. त्या शहराच्या वाटेवर युरोपातील अत्युच्च पर्वतांपैकी माँ ब्लाँ उभा आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तेच 'मलबार प्रिन्सेस' जिनीव्हाकडे उतरत असता वादळी हवेत त्या पर्वतावर आदळले. आत ४८ जण होते. उतारू बहुतेक सारे भारतीय खलाशी होते. इंग्लंडमधील जहाजावर रुजू होण्यासाठी ते चालले होते. ज्यांच्या बापजाद्यांनी हीच वाट बोटीच्या भट्टीत कोळसा ओढीत काटली, त्या वर्गातील माणसे विमानाने जाऊ लागली ह्याचे अप्रूप वाटण्यापूर्वीच ही वार्ता आली. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे 'कांचनजंगा' हे बोइंग विमान त्याच पर्वतावर, त्याच भागात, आदळून ११७ जणांसह नष्ट झाले. विमान पर्वतापलीकडे गेले आहे अशा समजुतीने खाली उतरविले जात होते. डॉ. होमी भाभा त्यात होते.

'कांचनजंगा' ज्या जातीचे, ती ७०७ जातीची झोताची विमाने एअर इंडियाने १९६० साली घेतली होती. त्यांनी वेग जवळजवळ दुप्पट केला. १९७१ साली 'एम्परर अशोक' हे जंबो विमान आले. टाक्या मोठ्या होत गेल्या तसे मुक्काम गळत गेले आणि अखेर मुंबई ते लंडन एका दमात जाणे नित्याचे झाले.

तथापि भागाकाराचे आठ तास आजही प्रत्यक्षात उतरत नाहीत. मुंबईहून लंडनला जाताना साधारणपणे साडेनऊ-दहा तास लागतात आणि येताना नऊ किंवा त्याहून थोडे कमी. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून येताना वेळ वाढावयास हवा, असा तर्क पुष्कळ सुशिक्षित माणसेही करतात. तो चुकीचा आहे. पृथ्वीबरोबर वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणातच असते. खरे कारण असे, की दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा वेगवान झोत वाहतो. लंडनहून येणाऱ्याला तो पाठीवर मिळतो आणि जाणाऱ्याला छातीवर घ्यावा लागतो. हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो. घड्याळाचा घोळ आणखी वेगळा: लंडनचे घड्याळ हिवाळ्यात साडेपाच व उन्हाळ्यात साडेचार तास मागे असल्यामुळे सकाळी मुंबईहून निघालेला उतारू दुपारीच लंडनला पोहोचतो आणि प्रवास फारच थोडक्यात झाला असे त्यास वाटते.

वाऱ्याचा हिशेब गणिताने मांडता येतो. राष्ट्रांचा मांडता येत नाही. गोलावरील तो दोरा पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आणावा. त्याच्याखाली येणारा पाकिस्तान, इराण आणि युक्रेन हे तिन्ही मुलूख ह्या शतकात विमानांना बंद झाले आहेत. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवरून जाणारे मलेशियाचे विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ माणसे मेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटल्यावर ते सारे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानहून निघालेले युक्रेनचे विमान इराणी क्षेपणास्त्राने पडले. १७६ जण गेले. पाकिस्तानने २७ फेब्रुवारी २०१९ ला आपले आकाश बंद केले ते १६ जुलैपर्यंत, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना ते पुन्हा बंद झाले. ह्याची झळ दिल्लीच्या विमानांना अधिक लागली, कारण त्यांना गुजरात व अरबी समुद्रावरून लांबचा वळसा पडला. मुंबईसमोर समुद्र मोकळा असल्याने तिचे विमान थोड्याशा वळणाने ओमानकडे जाऊ शकते.

पण १३ जून २०२५ रोजी समुद्राचाही उपयोग झाला नाही. इस्रायलने इराणवर हल्ला केला, इराणने आपले आकाश मिटले आणि पहाटे मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान सुमारे तीन तास उडून मुंबईलाच परत उतरले. १९२७ साली बसऱ्याला थांबलेल्या विमानाला निदान तेथवर तरी जाता आले होते.

ओमानकडे वळणारी ही वाट म्हणजे स्थूलमानाने १९३२ सालचीच अरबी किनाऱ्याची वाट होय. शारजाचा तो जुना विमानतळ पुढे बंद झाला. जाड भिंतींच्या गढीत आता विमानांचे संग्रहालय आहे, आणि जेथे 'हॅनिबल' उतरत असे त्या धावपट्टीचा शहरातील एक रहदारीचा रस्ता झाला आहे.